तीन वाजता निघणारा माणूस

"प," मी म्हणालो, आणि माझ्या ओठांसमोर धरलेली कागदाची पट्टी थरथरली.

पूर्वानं पट्टीकडे बघितलं, मग माझ्या ओठांकडे. गाल फुगवून तिनं फुंकर मारली. पट्टी हलली, पण आवाज आला नाही.

"प," मी पुन्हा म्हणालो.

दारात कुणीतरी खाकरलं. वळून बघतो तर तवनाप्पा मगदूम उभे. पांढरं धोतर, कोट, हातात टोपी. दोन वर्षांत मी त्यांचं तोंड बघितलं नव्हतं.

"आप्पा? या की."

"तुझं चालू दे. मी बसतो," असं म्हणत त्यांनी चपला काढल्या आणि खुर्ची सोडून चटईवरच, आमच्या शेजारी मांडी घातली.

पूर्वा तेव्हा पाच वर्षांची होती. छातीवर पट्ट्यांनी बांधलेलं श्रवणयंत्र, त्यातून दोन्ही कानांकडे गेलेल्या वायरी. तिनं आप्पांना नीट निरखलं आणि ती पट्टी सरळ त्यांच्या मिशांपुढे धरली.

"काय करायचं?" आप्पांनी मला विचारलं.

"प म्हणा."

आप्पा 'प' म्हणाले. भट्टीशेजारी उभं राहून आयुष्यभर ओरडलेला माणूस तो. पट्टी तिच्या हातातून उडून कोपऱ्यात पडली. पूर्वा पोट धरून हसली आणि आप्पाही हसले. मी त्यांना हसताना फारसं कधी बघितलं नव्हतं.

कोल्हापूरजवळ शिरोलीत आप्पांची ओतीव लोखंडाची फाउंड्री होती. डिप्लोमा झाल्यापासून मी तिथेच. साच्यात लोखंड कुठून सोडायचं, कुठून वर काढायचं, कुठला भाग आधी थंड होईल आणि कुठला नंतर, हे ठरवणं माझं काम. कामावर जायची वेळ ठरलेली होती, परतायची नव्हती. रविवारही असाच जायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण त्या कामाची मला नशाच होती.

मग पूर्वाला ऐकू येत नाही हे कळलं. ती तीन वर्षांची होती. तिच्या शाळेच्या दातारबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "रोज संध्याकाळी, न चुकता, दोघांपैकी एकानं हिच्यासमोर बसायचं. बोलायचं आणि बोलायला लावायचं. आणि हातवारे अजिबात करू द्यायचे नाहीत. हातानं भागलं की मूल तोंड उघडत नाही." बाई फार मायाळू होत्या. त्या काळी सगळीकडे असंच शिकवत.

माझी बायको पद्मजा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिची पाळी दुपारची, ती काही बदलत नव्हती. दिवसभर ती सगळ्या जगाशी बोलायची, आणि घरातल्या पोरीला तिचा आवाज ठाऊक नव्हता. मी राजीनामा दिला. आप्पा म्हणाले होते, "पोर सांभाळायला कुठला बाप्या नोकरी सोडतोय रे?" आणि पाठ फिरवून आत निघून गेले होते. तेव्हापासून मी घरी बसून लहानसहान कारखान्यांची ड्रॉइंगं काढून देत होतो.

आता तेच आप्पा माझ्या चटईवर बसून चहा पीत होते.

"भूपाल, एक काम घेतलंय," ते म्हणाले. "साखर कारखान्याच्या गाळपाच्या मिलचं हाउसिंग. बारा टनी. एवढं मोठं कास्टिंग आपल्या भागात कुणी केलेलं नाही."

"ऐकलंय मी."

"मग हेही ऐकलं असशील. दोनदा ओतलं, दोन्ही वेळा वाया. बाहेरून आरशासारखं, आणि मशीनवर चढवलं की पोटात पोकळी. आता तिसऱ्यांदा गेलं तर मोठं काम घेऊन माझ्या दारात कुणी येणार नाही. दीडशे माणसं आहेत माझ्याकडं." त्यांनी कप खाली ठेवला. "परत ये."

हाउसिंगचा, म्हणजे मिलचे रूळ पेलणाऱ्या त्या अवजड चौकटीचा आकार डोळ्यांसमोर फिरायला लागला होता. त्या जाड पायांपाशी लोखंड सगळ्यात शेवटी गोठत असणार, तिथेच पोकळी धरत असणार. बोटं शिवशिवत होती. पण पूर्वा कोपऱ्यातून पट्टी शोधून आणून माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती.

"येतो," मी म्हणालो. "पण तीनच्या ठोक्याला निघणार, आप्पा. साडेतीनला हिची शाळा सुटते. तिथून पुढं मी हिचा."

"बरं."

"भट्टी पेटलेली असली तरी निघणार."

आप्पांनी माझ्याकडे आणि मग पूर्वाकडे बघितलं. "दिला शब्द," ते म्हणाले आणि टोपी घालून उठले.

फाउंड्रीत पाऊल टाकलं तेव्हा जळक्या वाळूचा तोच वास आला आणि मला भरून आलं. माणसंही तीच होती. फोरमन हिंदुराव खोत, गलमिशावाला, अंगानं पैलवान. वर क्रेनच्या केबिनमध्ये इस्माईल मुजावर. त्यांनी मला आनंदानं परत घेतलं, पण तीनचा ठोका पडला की हिंदुराव मोठ्यानं म्हणायचा, "सायेब, शाळा सुटली की!" आणि मोल्डिंगची पोरं खिदळायची. मी हात धुवायचो आणि स्कूटरला किक मारायचो.

आप्पा मात्र चकार शब्द काढायचे नाहीत. एकदा गिऱ्हाइकाचे इंजिनियर आले होते, बैठक रंगात आली होती. तीन वाजले आणि आप्पांनीच माझ्यासमोरची ड्रॉइंगं गोळा केली. "ह्यांचं काम झालं," ते पाहुण्यांना म्हणाले, "पुढचं उद्या सकाळी."

एक गंमत मला हळूहळू कळायला लागली. तीनपर्यंतच वेळ आहे म्हटल्यावर मी तासन् तास उभं राहून नुसतं बघणं सोडलं होतं. डोकं पहिल्यापेक्षा लख्ख चालत होतं. मी लोखंड वरून सोडण्याऐवजी तळातून, दोन बाजूंनी चढवायचं ठरवलं. जाड पायांवर मोठे रायझर दिले. रायझर म्हणजे साच्याच्या माथ्यावरची उघडी तोंडं. लोखंड आत भरत भरत वर आलं की तिथे दिसतं, आणि आतलं गोठताना आकसलं की त्यातलंच खाली उतरून जागा भरून काढतं. फाउंड्रीच्या मधोमध खणलेल्या खड्ड्यात आम्ही तो साचा बसवला. माणूस आत उतरला तर दिसू नये एवढा.

घरी मात्र गाडं अडलं होतं. पूर्वा 'प' म्हणायला लागली, 'पा' म्हणायला लागली, पण सांगायचं असायचं तिला केवढं तरी. शाळेतून आली की तिचे हात भराभर चालू व्हायचे. कुत्रं कसं धावलं, कोण पडलं, कुणी मारलं. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात धरायचो आणि म्हणायचो, "तोंडानं सांग, बाळा." ती माझ्याकडे बघायची. हात सोडवून घ्यायची नाही. हळूहळू डोळे खाली जायचे आणि कुत्र्याची गोष्ट तिथेच संपायची.

ओतकामाची वेळ आप्पांनी माझ्याकडे बघूनच धरली. पहाटे दोन्ही भट्ट्या पेटवायच्या, दुपारच्या जेवणाआधी ओतून मोकळं व्हायचं. भट्टीची पूजा झाली, नारळ फुटला. कोळसा धगधगला, लोखंडाचे तुकडे वरून पडू लागले. आणि ऐन रंगात आलं असताना वीज गेली.

भट्टीला वारा देणारे ब्लोअर थांबले. त्या अचानक आलेल्या शांततेत वर पत्र्यावर बसलेली कबुतरंसुद्धा ऐकू येत होती. डिझेलचं जनरेटर एका भट्टीपुरतंच होतं आणि बारा टन लोखंड एका दमात जायला हवं. मधे खंड पडला की दोन थर नीट एकजीव होत नाहीत. आम्ही भट्ट्या झाकून नुसते बसून राहिलो. वीज आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. सगळं पुन्हा तापायला चार वाजणार हे उघड होतं.

तीनचा सुमार झाला. हिंदुराव या वेळी काही बोलला नाही. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

मी आप्पांजवळ गेलो. "मी थांबतो. शाळेत फोन करतो, कुणीतरी तिला बसवून घेईल."

"आणि तिला कोण सांगणार?"

पूर्वाला फोनवर काही सांगता येत नव्हतं. दातारबाईंनी समजावलं तरी तिला एवढंच समजणार होतं, की सगळ्यांचे आले आणि आपले आले नाहीत.

"जा तू," आप्पा म्हणाले. "मी उभा राहतो."

"दोन्ही वेळा तुम्हीच उभे होता, आप्पा."

कुणाची छाती झाली नसती असं बोलायची. पण आप्पा चिडले नाहीत.

"होतो. आता तिसऱ्यांदा राहीन. गेलं तर गेलं. शब्द देताना वीज जाईल का, हे मी तुला विचारलं नव्हतं."

बाजूला दीडशे माणसांचा घास शिजत होता आणि हा म्हातारा मला माझ्या पोरीकडे धाडत होता. "जा, स्कूटर काढ," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून भट्टीकडे वळले.

पूर्वा शाळेच्या फाटकाशी दप्तर पाठीला लावून तयारच होती. स्कूटरवर पुढे उभी राहण्याआधी तिनं माझ्या गालावरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली. ती तिनं मला दाखवली. मग तळवा पालथा-उताणा करत भुवया उंचावल्या. हे कुठलं? तू रोज कुठं असतोस?

एरवी मी म्हटलं असतं, तोंडानं विचार. पण त्या दिवशी माझं डोकं शिरोलीत होतं. मी काही न बोलता तिला पुढे उभं केलं आणि स्कूटर घराच्या रस्त्यानं न नेता हायवेकडे वळवली.

फाउंड्रीत शिरलो तर दोन्ही भट्ट्यांची तोंडं नुकतीच फोडली होती. क्रेनच्या आकड्याला लटकलेल्या प्रचंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या पोलादी बादलीत, लोखंड भरत होतं. आप्पांनी मला बघितलं, पोरीला बघितलं, आणि धोतर सावरत आले.

"इथं कशाला आणलंस तिला? उष्णता किती आहे!"

"तिनं विचारलं, तू रोज कुठं असतोस म्हणून."

"विचारलं?" आप्पा म्हणाले. मग त्यांनी वाकून पूर्वाला उचललं. "तू खाली उभा राहा. तुझा साचा आहे. मी हिला घेऊन वर केबिनमध्ये बसतो. जन्मात कधी वरून बघितलं नाही, आज बघू."

त्यांची केबिन माळ्यावर होती, फाउंड्रीकडे मोठी काच असलेली. मी चष्मा चढवला आणि खड्ड्याच्या काठावर गेलो.

ज्यानं ओतकाम बघितलेलं नाही त्याला ते सांगणं कठीण आहे. लॅडल खड्ड्यावर आलं तेव्हा अख्ख्या शेडमधल्या सावल्या भिंतींवरून सरकल्या. हिंदुरावनं हात वर केला. ब्लोअर घुमत होते, क्रेनची घरघर चालू होती, आणि लोखंडाचा पहिला ओघ साच्याच्या तोंडात उतरला तशी जमीन हादरायला लागली. वाळूतून सुटणारा वायू पेटला, साच्याच्या फटीफटीतून निळ्या ज्वाळा उभ्या राहिल्या. त्या आवाजात शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. म्हणून ओतकामाच्या वेळी फाउंड्रीत कुणी बोलत नाही. सगळं हातांवर चालतं.

हे मी शेकडो वेळा बघितलं होतं. मी स्वतः तेच करत होतो. मी तळवा खाली दाबला, हळू. हिंदुरावनं तोच तळवा वर इस्माईलला दाखवला. लॅडल केसभर कललं. मी दोन बोटं फिरवली, डावीकडं. पलीकडच्या काठावरून एकानं कपाळाशी आडवा हात धरून मला बघायला सांगितलं, तिकडे वाळू उडतेय म्हणून. मी मान डोलावली, चालेल. पंधरा-वीस माणसं त्या पांढऱ्या उजेडात एकमेकांशी बोलत होती, विचारत होती, बजावत होती, धीर देत होती, आणि एकाच्याही तोंडातून अवाक्षर निघत नव्हतं.

का कोण जाणे, मी वर बघितलं.

काचेमागे पूर्वा टेबलावर उभी होती. लोखंडाचा उजेड तिच्या तोंडावर नाचत होता. तिचे डोळे लोखंडावर नव्हतेच. ती माणसांकडे बघत होती. आधी हिंदुराव, मग मी, मग इस्माईल. जिथून खूण निघाली तिथून जिथे पोचली तिथपर्यंत तिची नजर पळत होती. ती सगळं वाचत होती. आणि तिचे दोन्ही हात उठले होते. माझा तळवा खाली गेला की तिचाही खाली जायचा. मी बोटं फिरवली की तिचीही फिरायची. मग तिनं वळून आप्पांना काहीतरी विचारलं, हातांनी, आणि आप्पांनीही हातांनीच उत्तर दिलं. फाउंड्रीत हाडं झिजवलेला माणूस, त्याला त्यात अवघड काय होतं!

आमच्या घरात जी मुकी होती ती इथे कुणाहून कमी नव्हती. जे हात मी रोज संध्याकाळी धरून ठेवत होतो, त्याच हातांवर या शेडमध्ये बारा टन वितळलेलं लोखंड तोललं जात होतं.

हिंदुरावनं मला कोपरानं ढोसलं. मी भानावर आलो. पहिल्या रायझरच्या तोंडाशी लाल बिंदू दिसला, तो पसरला, पांढरा झाला, वर आला. मग दुसरा. मग जाड पायांवरचे दोन्ही एकदम. साचा भरला होता. मी मूठ वर केली. पुरे. हिंदुरावची मूठ वर गेली. काठावरच्या सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. वर काचेमागे एक सुरकुतलेली आणि एक चिमुकली मूठ वर गेली.

ते कास्टिंग थंड झाल्यावर आठवड्यानं काढलं आणि मशीनवर चढवलं. त्याच्या पोटात कुठेही पोकळी निघाली नाही. पुढं तसली बरीच हाउसिंगं आम्ही ओतली आणि निवृत्त होईपर्यंत मी त्या फाउंड्रीतून तीनलाच निघत राहिलो. पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं.

ब्लोअर बंद झाले, माणसं घाम पुसत पाण्याकडे गेली. आप्पा पूर्वाचा हात धरून जिना उतरले. हिंदुराव तिच्यासमोर उकिडवा बसला. "काय बाय, भ्यालीस का?" त्यानं विचारलं, आणि लगेच त्याच्या लक्षात आलं. त्यानं माझ्याकडे ओशाळून बघितलं. मग स्वतःच छातीवर हात ठेवून थरथर कापायची नक्कल केली आणि भुवई उंचावली.

पूर्वानं ठाम मान हलवली. नाही. आणि एक बोट हवेत गोल फिरवलं. पुन्हा.

"पुन्हा करा म्हणतीया!" हिंदुराव ओरडला. सगळे हसले. तो उठला, तिला खांद्यावर घेतलं आणि शेडच्या मोकळ्या टोकाला नेलं. वर तोंड करून त्यानं शीळ घातली. इस्माईलनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. हिंदुरावनं आधी स्वतःकडे, मग खांद्यावरच्या पूर्वाकडे बोट दाखवलं. आता खुणा हिच्या.

इस्माईलनं सलाम केला आणि लिव्हर धरले.

पूर्वानं हात लांब केला आणि बोट खाली वळवलं. शेडच्या दुसऱ्या टोकाला, दूर, तो रिकामा आकडा, माणसाच्या उंचीचा, खाली यायला लागला. तिनं तळवा दाबला. हळू झाला. तिनं तळवा उभा केला. थांबला. तिनं हात डावीकडे सारला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली ती अख्खी क्रेन, दहा हत्तींचं धूड, रुळांवरून गडगडत तिच्या हाताच्या दिशेनं निघाली.

कुणी हसत नव्हतं. पाणी प्यायला गेलेले तांब्या हातात धरून उभे होते. आप्पांनी टोपी काढली होती. माझ्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही सांगितलं होतं आणि जगानं ते जसंच्या तसं ऐकलं होतं.

आठाच्या सुमारास पद्मजा कामावरून आली. दार उघडताच पूर्वानं तिला उंबऱ्यातच गाठलं. दोन्ही हात सुरू झाले. भट्टी, आग, मुठी, मिशा, ते वरून येणारं काहीतरी. पद्मजानं सवयीनं वाकून तिची मनगटं धरली. "तोंडानं सांग, राणी."

मी पुढं होऊन पद्मजाचे हात सोडवले.

"सांगू दे," मी म्हणालो. "तू नुसती बघ."

"अरे, पण बाई म्हणाल्यात..."

"आजच्या दिवस बघ. मग आपण बोलू."

ती भिंतीला टेकून खाली बसली. पर्स खांद्यालाच होती. पूर्वा सांगत गेली. लोखंड कसं सांडलं, उजेड कसा भिंतीवर चढला, म्हाताऱ्या आजोबांनी तिला टेबलावर कसं उभं केलं. सांगता सांगता ती थांबायची, आईला कळलं का बघायची आणि पुढं जायची. आम्ही दोघांनी तिच्याकडून एवढी लांब गोष्ट कधी ऐकली नव्हती. शेवटी ती क्रेनपाशी आली. तिनं बोट वर केलं, छपरापलीकडे कुठंतरी, आणि श्वास घ्यायला थांबली.

पद्मजाचे डोळे भरून आले होते. तिनं पर्स खांद्यावरून उतरवली, बाजूला ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात उचलले. क्षणभर ते तसेच अवघडून हवेत राहिले. मग तिनं ते हळूहळू एकमेकांपासून लांब नेले.

एवढं मोठं?

पूर्वानं नाही म्हणून मान हलवली आणि आईचे दोन्ही हात धरून आणखी लांब ओढले.